बाई छाप मार्क्याची वाटणी

वाटणीत मार्कासुद्धा निघेल, असं कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

वरूडकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात, माल भरायच्या शेडखाली सतरंजी टाकून सगळे बसले होते. माझे दोन मुलगे, थोरला अन् धाकटा. मधे पंच म्हणून माझे चुलत दीर. थोरला बगीचा पाहतो, तिकडेच राहतो. धाकटा अमरावतीत राहून विक्रीचं पाहतो अन् मी त्याच्याकडे असते. आमचे हे गेल्यावर वाटणी कधीतरी होणारच होती. अन् खोटं कशाला बोलू, काम शांततेत चाललं होतं. जमीन झाली, झाडं झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. फवारणीचा पंप एकाकडे गेला, टेम्पो दुसऱ्याकडे. मी बाजूला खाटेवर बसून सगळ्यांसाठी संत्री सोलत होते. मला कोणी काही विचारत नव्हतं अन् मलाही काही म्हणायचं नव्हतं.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "अन् मार्का?"

 भाऊजींनी तोंडाकडे नेलेली फोड तशीच हातात ठेवली.

मार्का म्हणजे आमच्या पेट्यांवरची खूण. आजकालची पोरं त्याला लोगो म्हणतात. एक भरीव गोल, अन् त्याच्या खाली त्याला टेकलेला भरीव त्रिकोण. दोन्ही लाल. बस. ना नाव, ना गाव, ना फोन नंबर. बाजारात त्याला 'बाई छाप' म्हणतात. गोल म्हणजे डोकं अन् त्रिकोण म्हणजे पायघोळ लुगडं. लाकडी पेट्या जाऊन पुठ्ठ्याची खोकी आली, प्लास्टिकचे कॅरेट आले, पण पत्र्याचा तो छापा ठेवून वरून लाल रंगाचा बोळा फिरवायचा, हे काही बदललं नाही. आमची बाई लांबलांबच्या बाजारात जाऊन आली. मी काही तिकडे गेले नाही.

"मार्का बगीच्याचा हाय," थोरला म्हणाला. "बगीचा मी पाहतो. मार्का माहा."

"बजारात कोणं नेला?" धाकटा म्हणाला. "व्यापारी फोन कोणाले करते? मले करते. तुले तं अडत्याचं तोंड मालूम नाई."

"तोंड पाहून संत्रा लागते काय बे झाडाले?"

"भांडू नका," भाऊजी म्हणाले. त्यांनी छापा मागवला. उन्हाकडे धरून पाहिला. गोलातून अन् त्रिकोणातून ऊन खाली सतरंजीवर पडलं. मग त्यांचा चेहरा असा खुलला, जसं देवानंच त्यांना सुचवलं. "अरे, हे तं आधीपासूनच दोन नग हायेत! गोल एकाले, तिकोन एकाले. झालं बराबर. आणा रे पत्रा कापायची कात्री."

मला आधी वाटलं, थट्टा करून राहिले.

आता हा छापा कुठून आला, ते सांगते, म्हणजे मला काय झालं असेल ते समजेल.

मी लग्न होऊन आले तेव्हा यांनी नुकताच माल बाहेर पाठवायला सुरुवात केली होती. मार्का पाहिजे म्हणून यांनी बाजारातल्या पेंटरला सांगितलं. त्यानं संत्र्याचं झाड काढलं, झाडाखाली बैलजोडी, वर लक्ष्मी, अन् सगळ्याच्या खाली घराण्याचं पूर्ण नाव. कागदावर इतकं सुंदर, की यांनी ते चित्र आधी देवघरात ठेवलं. पण त्याचा पत्रा कापून पेटीच्या खरबरीत फळीवर रंग मारला तर बैल कुठे अन् लक्ष्मी कुठे, काही समजेना. चिखलात कोंबड्या नाचून गेल्यासारखं दिसे. बाजारात पेट्या दुसऱ्याच्या मालात मिसळल्या. हे घरी येऊन डोक्याला हात लावून बसले.

मी तेव्हा शाळेत न गेलेली. अक्षरं मी फार उशिरा शिकले, पोरांच्या पुस्तकांतून, त्यांच्यासोबतच बसून. तेव्हा मला नाव काही कापता येणार नव्हतं. मग मी तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट केला, त्यावर वाटी उपडी ठेवली अन् खिळ्यानं ओरखडा काढला. मला आधी नुसतं कडं पाहिजे होतं, बांगडीसारखं. बाहेरून कापलं, आतून कापलं, तर मधला तुकडा टणकन खाली पडला. हवेत कसा राहील तो? मी कितीतरी वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. मग म्हटलं जाऊ दे, भरीवच बरा. खाली त्रिकोण काढला. माझ्या मनात तो संत्र्यांचा ढीग होता अन् वर ठेवलेलं एक मोठं संत्रं. यांनी पाहिलं अन् हसले, "हे काय पोट्ट्याचं चित्र काढलं?" पण माल भरून तयार होता, दुसरं काही हाताशी नव्हतं, तोच छापा मारून पाठवला.

पुढच्या खेपेला यांनी बाजारातून येऊन सांगितलं, "हमाल लोक इचारत होते, बाईवाला माल आला काय?"

"कुठली बाई?" मी म्हटलं.  घरवाल्याच्या तोंडून असं ऐकल्यावर कोणती बायको विचारणार नाही! मग त्यांनी छापा समोर धरला अन् बोटानं दाखवलं, हे डोकं, हे लुगडं. खरंच की. मी संत्रं काढलं होतं अन् निघाली बाई. तेव्हापासून ती बाईच.

तर त्या बाईच्या मानेवर भाऊजींनी कात्री ठेवली.

"भाऊजी, थांबा नं," मी म्हटलं.

"वहिनी, तुमी नका पडू यात. दोघंही तुमचेच पोरं. कोणालेच कमी नाई करून राहिलो."

पत्रा जुना, रंगाच्या थरांनी जाड झालेला. कात्री करकर वाजली. मी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, एखादा तरी म्हणेल, राहू द्या काका. कोणी म्हणालं नाही. डोकं धाकट्याच्या हातात गेलं अन् लुगडं थोरल्याच्या. वर कागदावर लिहून घेतलं, की यापुढे ज्यानं त्यानं आपलाच भाग वापरायचा, पूर्ण मार्का दोघांपैकी कोणीच लावायचा नाही. दोघांनी सह्या केल्या. भाऊजी समाधानानं उठले अन् जेवायला काय आहे म्हणून विचारलं. हातातली फोड तोंडात घालायची की खाली ठेवायची, हेसुद्धा मला समजत नव्हतं.

थोरल्याची मुलगी, माझी नात, अमरावतीत आमच्याच घरी राहते. तिची वाटणी काही कोणी केली नाही, म्हणून ती काकाकडेच राहिली. ती कॉम्प्युटरवर दुकानांचे बोर्ड अन् पाकिटांवरची चित्रं तयार करते, लोगोही तयार करते. वाटणी झाल्यावर तिला बापाचाही फोन अन् काकाचाही आवाज. एकाला त्रिकोणाचा चांगला लोगो पाहिजे, दुसऱ्याला गोलाचा. अन् एकमेकाला दाखवायचा नाही.

ती बिचारी कॉम्प्युटरसमोर बसली. मी शेजारी खुर्ची ओढून बसले.

"आजी, काय करू सांग," ती म्हणाली. "गोल एकटा ठेवला तर चेंडू वाटतो, बटण वाटतो, टिकली वाटतो. काका म्हणतात संत्रं वाटलं पाहिजे. मग देठ लाव, पान लाव. पान लावलं की तो बाजारातल्या सगळ्याच संत्रेवाल्यांसारखा होतो."

"अन् तुह्या बाबाचा?"

"बाबाचा तर समोसा दिसते."

आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो. मग ती एकदम म्हणाली, "तुला एक गंमत दाखवू? रागावू नको पण." तिनं मोबाइलवर एक फोटो काढून माझ्या नाकासमोर धरला. एका मोठ्या दुकानातलं दार. दारावर गोल अन् खाली त्रिकोण. अगदी आमची बाई!

"हे कुठचं गोदाम हाय?" मी विचारलं.

"गोदाम नाही गं. बायकांचा संडास आहे."

माझं तोंड उघडं ते उघडंच. माझ्या हातची बाई, जी मी तेलाच्या डब्यातून काढली, ती संडासाच्या दारावर! मी पदर तोंडाला लावला. माझ्या डोळ्यात पाणी आलं का हसू आलं, माझं मलाच समजेना. नात माझा हात धरून म्हणाली, "अगं, हे वाईट नाही. कोणत्याही गावात जा, न वाचता माणसाला कळते, की ही बाई. आम्हाला कॉलेजात हे शिकायला पैसे भरावे लागले. तू आपोआप केलं."

"आपोआप नाई केलं. बोट कापलं होतं माहं."

"पण आजी, एक सांगू?" ती थोडी गंभीर झाली. "गोल कोणाचाही असतो. त्रिकोण कोणाचाही असतो. यांनी नेमकं मधलं टेकणं कापलं. ते मी कोणाला कसं काढून देऊ?"

तरी तिनं दोन लोगो काढून दिले. काकाला पानवाला गोल, बापाला आत तीन रेघा मारलेला त्रिकोण. देखणे होते दोन्ही, माझी नात कामाची पक्की आहे. पेट्या बाजारात गेल्या. धाकटा घरी येऊन काही सांगायचा नाही, पण त्याची जेवायची पद्धत बघून मला समजायचं. व्यापारी फोनवर त्याला विचारायचे, ही कोणती नवी पार्टी आहे? बाई छाप कुठे आहे?

मला वाटलं होतं, बाई मेली ती मेली. पण तसं झालं नव्हतं.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरच्या माणसाचं तोंड दुधात बुडवल्यासारखं दिसे. ऑपरेशन अकोल्याला लेकीकडे करायचं ठरलं, कारण ती म्हणाली, माझ्याकडे तुझं पथ्यपाणी नीट होईल. ऑपरेशनच्या आधी तपासणीला ऑटोनं जात होतो. लेक सोबत होती. फळबाजाराच्या बाजूनं ऑटो गर्दीत अडकला. पाट्या काय लिहिल्या आहेत, रंग कोणते आहेत, मला काही दिसत नव्हतं. अन् त्या सगळ्या धुक्यातून रस्त्याच्या पलीकडे मला बाई दिसली.

एकावर एक रचलेली खोकी, अन् प्रत्येकावर बाई. डोकं अन् लुगडं, दोन्ही जागच्या जागी.

"थांबव बापा, थांबव," मी ऑटोवाल्याला म्हटलं.

"माय, डॉक्टरची वेळ हाय," लेक म्हणाली.

"डॉक्टर कुठी जाऊन नाई राहिला. उतर."

मला वाटलं, दोघा भावांचं जमलं, कागद फाडला, अन् मला सांगायचं राहून गेलं. मी लेकीचा हात धरून रस्ता ओलांडला. खोक्यांना हात लावला. रंग ओलसर होता, बोटाला लागला. तिथंच फुटपाथवर एक फळवाली टोपली भरून बसली होती. मी तिला विचारलं, "बाई, हा वरूडचा माल ना?"

ती म्हणाली, "मावशी, बाई छाप नका घेऊ आता. आधी डोळे मिटून घ्यायची मी. आता वर चांगली अन् खाली सगळी चिंबलेली, लिंबाएवढी. माल बिघडला त्याचा."

"काहून बिघडला?"

"काय मालूम. ज्या बाईचा मार्का होता ते बुढी मेली म्हणते. पोट्ट्यांनी वाट लावली."

लेकीनं माझा दंड घट्ट धरला. मी उभ्या उभ्या गारठले. भर उन्हात, बरं का. स्वतःच्या मरणाची बातमी फुटपाथवर ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं, अन् तीही इतकी सहज, की सांगता सांगता ती बाई संत्र्यांवर पाणी शिंपडत होती.

आम्ही आत गेलो. गाळ्यावर अडत्या बसला होता, आवाजावरून पन्नाशीचा, गळ्यात रुमाल. मी सरळ विचारलं, "हा मार्का तुमी कोणाचा लावून राहिले?"

"माहाच हाय," तो म्हणाला. "तुमाले काय पाहिजे, मावशी?"

"हा माहा मार्का हाय."

त्यानं मला खालीवर पाहिलं. लुगडं, काठी, जाड भिंगाचा चष्मा. चेहऱ्यावरचं मला दिसलं नाही, पण आवाजात हसू होतं. "मावशी, गोल अन् तिकोन कोणाच्या बापाचे असतात काय? पोट्टा पण काढते पाटीवर."

 अन् ते खरंच होतं. मी वाटी उपडी ठेवून काढला, त्यानंही ठेवली असेल. इतकं सोपं केलं म्हणून तर तो लांबून दिसला, अन् इतकं सोपं होतं म्हणूनच कोणीही उचलू शकत होता.

मग तोच थोडा नरमला. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "खरं सांगतो. वरूडची पार्टी होती, त्यांनी मार्का बंद केला. बजारात लोक बाई छाप मागते. आता जो माल येते त्याच्यावर मी मारून देतो. पडलेला होता, उचलला. चोरला असता तं लपवला असता ना?"

"अन् खाली चिंबलेली काहून भरता?"

त्यानं रुमालानं मान पुसली.

डॉक्टरची वेळ गेली ती गेलीच. लेकीच्या घरी येऊन मी आधी धाकट्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो पलीकडून म्हणाला, "माय, माहा तं गोल हाय. पूर्ण मार्का लावायचा नाई अशी माही सही हाय. तू दादाले इचार."

थोरल्याला लावला. तो म्हणाला, "मी काय करू? लुगडं माहं हाय. डोकंवाला हुशार हाय ना, तो पाहून घेईल."

 ही माझीच पोरं काय! मग मी दोघांना पुन्हा लावला अन् दोघांना एकच सांगितलं, "बजारात लोक म्हणून राहिले का मी मेली. या, अन् पाहून जा, मेली का जित्ती हाय." अन् फोन ठेवून दिला. धाकट्यानं परत केला, मी उचलला नाही. थोरल्यानं केला, उचलला नाही. लेक म्हणाली, माय, असं नको करू, घाबरतील. म्हटलं, घाबरू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही अकोल्यात हजर. वेगवेगळ्या गाड्यांनी आले. धाकट्यासोबत नात आली होती. मी त्यांना सरळ बाजारात नेलं, त्याच फळवालीसमोर उभं केलं. त्या बिचारीनं मला ओळखलं नाही. तिनं कालचीच टेप पुन्हा लावली, "बुढी मेली, पोट्ट्यांनी वाट लावली." थोरला असा उभा राहिला, जसं कोणी त्याच्या तोंडात मारलं. धाकट्यानं खोकं उघडलं, वरचा थर काढला. खालची संत्री पाहून त्यानं पटकन खोकं बंद केलं, जसं काही ती त्यानंच भरली होती.

मग दोघं गाळ्यावर तावातावानं गेले. भांडायला मात्र दोघं एक झाले, तेवढं पाहून मला बरं वाटलं, कशाला लपवू.

"आमचा मार्का हाय हा!" थोरला ओरडला.

"कागद दाखवा," अडत्या शांतपणे म्हणाला.

कागद! कागद होता ना आमच्याकडे. सह्या केलेला. पूर्ण मार्का दोघांपैकी कोणीच लावायचा नाही, असा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं अन् खाली पाहिलं.

नात पुढे आली. म्हणाली, "मार्क्याची सरकारात नोंद करता येते. आपण आधीपासून वापरतो हे दाखवू, घरी जुने फोटो आहेत, पेट्यांसोबतचे. अर्ज करू. पण अर्ज कोणाच्या नावानं करायचा ते आधी ठरवा."

"माह्या," थोरला.

"काहून तुह्या?" धाकटा.

"दोघांच्या लाव."

"मंग पहिलं नाव कोणाचं?"

अडत्या कपाळाला हात लावून ऐकत होता. त्यानं आमच्यासाठी चहा मागवला, मला वाटते करमणूक म्हणून. नात वैतागून म्हणाली, "बाबा, काका, साधी गोष्ट. हा मार्का पहिल्यांदा बनवला कोणी?"

"आमच्या बापानं," थोरला म्हणाला.

"नाई, पेंटरनं," धाकटा म्हणाला. "बाबा सांगत होते, पेंटरकडून चित्र काढून आणलं होतं."

अन् मी सांगते, वाटणीच्या दिवशी कात्री चालली तेव्हा नाही, फळवालीनं मला मेली म्हटलं तेव्हा नाही, इतका धक्का मला त्या वाक्यानं बसला. माझ्या पोटच्या पोरांना मालूमच नव्हतं! घरात रोज तो छापा होता, लाल रंगानं त्यांचे शाळेचे सदरे खराब झाले, अन् तो कोणी कापला हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. यांनी नाही सांगितलं. मीही नाही. सांगायची गोष्ट आहे, असं मला कधी वाटलं नाही.

"म्या बनवला," मी म्हटलं.

"तू?" थोरला म्हणाला. असं म्हणाला जसं मी विमान चालवलं म्हणून सांगितलं. "तू बनवला?"

"तेलाच्या डब्याच्या पत्र्यानं. तुमी दोघंही झाले नव्हते तेव्हा."

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाई?"

"बोलली होती. 'भाऊजी, थांबा' म्हटलं होतं. तुमी कोणं ऐकलं?"

धाकटा चहाच्या कपात पाहत राहिला. नात माझ्याकडे वळली. तिला सगळं मालूम होतं, पण ती मुद्दाम गप्प राहिली असावी, असं मला आता वाटते. ती म्हणाली, "झालं तर मग. नाव ठरलं."

अर्ज माझ्या नावानं गेला. नोंद व्हायला वेळ लागते म्हणतात, पण वकिलानं अर्जाची पावती दिली. ती नेऊन दाखवल्यावर अडत्या म्हणाला, "ठीक हाय मावशी, मी मार्का सोडतो. पण अकोल्याचा माल मंग मलेच द्या. बाई छाप दुसऱ्या गाळ्यावर दिसली तं मले वाईट वाटेल." मी हो म्हटलं. माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं त्याच दिवशी आपला छापा आमच्यासमोर वाकवून भंगारात टाकला. माझं ऑपरेशन झालं. हिरवा चष्मा लावून मी लेकीच्या अंगणात बसत होते अन् शेजारपाजारच्या बायका, ज्यांना ही गोष्ट लेकीनं सांगितली होती, येऊन मला पाहून जात होत्या, मेलेली बुढी जित्ती झाली म्हणून.

नातीनं कॉम्प्युटरवर बाई पुन्हा काढली. तिनं गोल अगदी बराबर केला, माझा थोडा चपटा होता. मी म्हटलं, कर, तुला पटते तसं. तिनं एक दिवस ठेवला अन् मग स्वतःच पुन्हा थोडा चपटा केला. म्हणाली, "आजी, बराबर गोल केला की संडासावरची होते."

पुढच्या हंगामाला दोघांचा माल त्याच शेडखाली आला. वाटणी आहे तशीच आहे, जमीन वेगळी, झाडं वेगळी, पाळ्या वेगळ्या. फक्त बाई छाप दोघांच्या मालावर लागणार, असं ठरलं. मला वरूडला नेलं होतं, पहिला छापा माझ्या हातानं मारायचा म्हणून. नारळ आणला होता. थोरल्याची खोकी पुढे रचली होती. मी बोळा हातात घेतला, अन् काय मनात आलं कोण जाणे, छापा ठेवायच्या आधी मी वरचं खोकं उघडलं. डोळे आता चांगले होते. वरचा थर काढला. खाली बारीक.

"हे नाई जात बाई छापात," मी म्हटलं.

थोरला हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. "माय, एवढं चालते. सगळेच भरते."

"सगळ्यांनी भरावं. याच्यात नाई."

"पोटच्या पोराचा माल वापस करते काय?"

"तुह्या तिकोनाच्या खोक्यात भर. तो मार्का तुहाच हाय, कोणं नाई म्हटलं?"

हे माझ्याच तोंडून निघालं अन् माझीच मी हबकले. इतकी वर्षं त्या शेडखाली मी संत्री सोलली, निवडली, पाणी नेऊन दिलं. माल वापस करणारी मी कधीच नव्हते. थोरल्याचं तोंड लाल झालं. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग आपल्या मुलीकडे, माझ्या नातीकडे पाहिलं, ती नारळ हातात घेऊन उभी होती, तिनं नजर दुसरीकडे फिरवली. शेवटी तो खाली बसला, खोकं सतरंजीवर उपडं केलं अन् बारीक संत्री वेगळी काढायला लागला. त्याच्या मागची सगळी खोकीही मग एकेक करून सतरंजीवर आली.

धाकटा खांबाला टेकून हसत होता. "दादा, नीट पाह्य बरं. मालकीण कडक हाय."

"तू हसू नको," मी म्हटलं. "तुही खोकी आण इकडे."

"माह्या मालाचं काय पाह्यते, माय? मी सोता भरला."

"उघड."

त्याचं हसणं थांबलं. थोरल्यानं निवडता निवडता मान वर केली. धाकट्यानं खिशातून किल्ली काढली, खोक्याची पट्टी कापली, अन् वरचा थर उचलायला लागला.